तुरटी फिरवलेले शब्द

माणसाचे डोळे देव करतो आणि देवाचे डोळे वृषाली ठाकूर करते, असं पेणच्या आसपासच्या गणपती कारखान्यांत गमतीनं म्हटलं जायचं. गेल्या दोन हंगामांपासून त्या वाक्यातलं नाव बदललं होतं. आता लोक म्हणत, चेतना गावंड करते.

वृषाली लग्न होऊन गावात आली त्या वर्षापासून दत्ताराम आप्पांच्या कारखान्यात आखणी करत होती. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रेखाटणं. माती, रंग, दागिने ही कामं दहा माणसं वाटून घेतात, पण डोळे एकाच हाताचे लागतात. एक डोळा एकीनं आणि दुसरा दुसरीनं काढला, तर देव दोन घरांचा दिसतो. आखणी चालू असताना कारखान्यात कोणी बोलायचं नाही, शक्यतो थांबायचंही नाही, असा आप्पांचा दंडक होता. त्या रिकाम्या शांततेवर वृषालीचा जीव होता. गावात तिला दुसरा कसला मान नव्हता.

चेतना आली ती ब्रश धुवायला. हात स्थिर दिसला म्हणून वृषालीनंच तिला शिकवलं. ब्रश कुठे धरायचा, श्वास कधी रोखायचा, बुबुळ आधी का आणि पापणी नंतर का, सगळं. पोरीनं पाण्यासारखं शोषून घेतलं. मग ती आखणी करताना फोन लावून ठेवायला लागली, आणि जगभरातले लोक ती बघायला लागले. पडद्यावर दिसायचा तो फक्त हात आणि देवाचा चेहरा. स्वतःचं तोंड चेतनानं कधी दाखवलं नाही. लोकांना वाटे, केवढी नम्र मुलगी! वृषालीला हीच नम्रता जास्त झोंबायची. गिऱ्हाइकं कारखान्यात येऊन विचारू लागली, "चेतनाच्या डोळ्यांचा गणपती आहे का?" आणि आखणी करणारी दुसरी बाई समोरच बसलेली असायची.

वृषाली जळत होती. याला दुसरा शब्द नाही आणि तिनंही शोधला नाही. भाकरी थापताना जळायची, झोपेतून उठल्याउठल्या जळायची. चेतना "ताई" म्हणाली की आणखी जळायची. ती उर्मट असती तर निदान भांडता तरी आलं असतं.

शेवटी तिनं "खरं बोलणारा" असं नाव घेऊन एक खोटं खातं उघडलं, आणि चेतनाच्या एका व्हिडिओखाली पहिला दगड टाकला. "नकटे, तुझा देव झोपेतून उठल्यासारखा दिसतो. डावी पापणी जड आहे हे आंधळ्यालाही कळेल. ब्रश सोड आणि लोकांची भांडी घास." पाठवलं, आणि कितीतरी दिवसांनी तिला पोटभर जेवण गेलं.

दुसऱ्या दिवशी चेतना धावतच आली. "ताई, कोणीतरी फार जाणकार माणूस आहे बघा. काय सुरेख लिहिलंय." तिनं वाचून दाखवलं, "तुमची कला आवडते. डावी पापणी किंचित हलकी केलीत तर नजर अधिक जागी वाटेल, असं नम्रपणे सुचवतो." मग स्वतःच हसली. "आणि खरं आहे हो! माझ्या कसं लक्षात नाय आलं?"

त्या दिवसापासून चेतनाची डावी पापणी हलकी झाली आणि तिचे डोळे पहिल्यापेक्षा सुंदर झाले. वृषालीनं पुढे भुवयांवरून शिव्या घातल्या, भुवया सुधारल्या. बुबुळावरून घातल्या, बुबुळ सुधारलं. आपणच हिला शिकवलं म्हणून दातओठ खाणारी बाई आता चोरून आणि फुकट तिची शिकवणी घेत होती.

हे घडत होतं ते तुरटीमुळे.

दोन-तीन वर्षांपूर्वीपर्यंत अशी स्थिती होती की ज्याच्या हातात फोन, त्याच्या तोंडात शिवी. कुठल्या गावात कोणी काहीबाही लिहायचं आणि भलत्याच गावात घरं पेटायची. वाईट शब्द पकडणारी यंत्रं आधीही होती, पण लोक शब्दांत टिंबं घालून त्यांना सहज चकवत. मग सगळ्या फोनांवर तुरटी नावाची नवी यंत्रणा आली. ती शब्द बघत नाही, अर्थ बघते. अब्जावधी संभाषणं वाचून ती एवढं शिकली होती की प्रत्येक बोलण्यात दोन गोष्टी असतात, सांगायचं काय आहे आणि दुखवायचं किती आहे. गणितात त्या दोन वेगळ्या दिशा ठरतात. दुसरी वजा करायची, पहिली ठेवायची आणि उरलेल्या अर्थाला नवी, सभ्य वाक्यं द्यायची. फोनवरच्या बोलण्यालाही ती लावलेली होती. आवाज बोलणाऱ्याचा, ढबही त्याचीच, फक्त कडवटपणा काढलेला, आणि हे सगळं अर्ध्या सेकंदात.

लिहिणाऱ्याला स्वतःचे मूळ शब्द दिसत, वाचणाऱ्याला निवळलेले. आपल्या वाट्याला आलेल्या बोलण्यात किती तुरटी फिरली हे कोणालाच कळत नसे, कारण ते कळलं तरी मनाला लागणारच. ज्या फोनमधून गढूळ जास्त येई, त्याला तुरटीही जास्त लागे. मग त्या फोनवर खाती कितीही नावांची असोत. एकाच मताच्या लोकांच्या बंद गटांना मात्र ती लावलेली नव्हती. तिथे दुखावणारं कोणी नाही, मग गाळायचं कोणासाठी?

दंगली थांबल्या. पोरंसोरं जिवाला मुकायची, ते कमी झालं. अग्रलेख आले, पारितोषिकं मिळाली, आणि पंख्याचा आवाज विसरावा तसे लोक तुरटीला विसरून गेले. तुरटीनं पाणी निवळतं हे खरं. पण गाळ कुठे जात नाही, तळाशी बसतो, हे घागर घासणारीलाच ठाऊक असतं.

त्या वर्षी मुंबईच्या एका मोठ्या मंडळाची मूर्ती आप्पांकडे होती, दोन पुरुष उंचीची. अशा मूर्तीचे डोळे दरवर्षी वृषालीचे. तो तिचा दसरा आणि तीच तिची दिवाळी. आप्पांनी तिला बाजूला बोलावलं तेव्हाच तिला कळून चुकलं.

"मंडळवाले चेतनाचं नाव घेतात गो," आप्पा खाली बघत म्हणाले. "त्यांना ते फोनवर दाखवायचंय म्हणे. मी काय करू? तू मोठी आहेस, समजून घे."

"समजले," वृषाली म्हणाली.

मूर्तीपुढे बांधलेली बांबूंची परांची, बसवलेलं फळकूट, डोळ्यांच्या जागेची खूण करायला वर चढलेली चेतना, हे सगळं तिनं दाराआडून पाहिलं. मोठ्या बैठ्या मूर्तीच्या चेहऱ्यापर्यंत परांचीवरून हात पोचत नाही, पोट आणि सोंड आडवी येते. म्हणून आखणी करणारा देवाच्या मांडीवर धुतलेलं फडकं टाकतो, नमस्कार करतो आणि एक पाय तिथे रोवतो. पिढ्यान् पिढ्या हे असंच चालत आलंय. प्राणप्रतिष्ठा होईपर्यंत ती माती आहे, आणि पाय रोवल्याशिवाय हात स्थिर राहत नाही. वृषालीनं स्वतः किती देवांच्या मांडीवर पाय दिला होता ते तिचं तिला माहीत.

चेतनानं फडकं टाकलं, हात जोडले, पाय ठेवला. वृषालीनं नेमका पाय ठेवल्यावरचा फोटो काढला. पाठमोरी बाई, देवाची मांडी आणि मांडीवर टाच.

तो फोटो तिनं "खरं बोलणारा"च्या नावानं भाविकांच्या एका बंद गटात टाकला. खाली लिहिलं, "ही चेतना गावंड. देवाला पायाखाली घेते आणि जगाला डोळे दाखवते." तिचा हिशेब साधा होता. मंडळवाले बिचकतील, थोडी कुजबुज होईल, काम तिच्याकडे परत येईल. कारखान्यातल्या माणसाला त्या फोटोत एक आखणी दिसते. बाहेरच्या माणसाला काय दिसेल, हा विचार तिला शिवलाच नाही, कारण ती उभ्या आयुष्यात कारखान्याबाहेर कधी उभी राहिली नव्हती. त्या दिवसापासून अंग दुखतंय म्हणून ती पुढच्या गावातल्या आपल्या घरीच बसली, बोलावणं येण्याची वाट बघत.

बोलावणं आलं नाही. त्या गटातून फोटो दुसऱ्या गटात गेला, तिथून शंभर गटांत. लोक चेतनाला लिहू लागले. काय लिहीत होते ते वृषाली गटात वाचत होती, कारण जो तो आपण काय सुनावलं ते तिथे मिरवत होता. पाय तोडू. हात मोडू. घरातून ओढून काढू. आणि चेतनापर्यंत पोचत होतं ते असं, "मूर्तीवर पाय ठेवून काम करण्याच्या आपल्या पद्धतीविषयी उत्सुकता आहे. समक्ष भेटायला आवडेल."

चेतना प्रत्येकाला हौसेनं उत्तर देत होती. "अवश्य या! रविवारी दुपारी मोठ्या बाप्पाची आखणी आहे. पाय का ठेवावा लागतो ते दाखवीन."

हे उत्तर त्या लोकांना आपल्या मूळ शब्दांखाली दिसे. हात मोडू म्हणावं आणि बाईनं हसऱ्या चेहऱ्यासकट उलट या म्हणावं, दुपारी या म्हणावं, पुन्हा पाय ठेवून दाखवते म्हणावं! जे नुसते बोलून मोकळे झाले असते तेही पेटले. "आव्हान देते," एकानं लिहिलं. "रविवारी जायचंच," दुसऱ्यानं लिहिलं. मग गाड्या ठरल्या, कोण कुठून बसणार ते ठरलं, आणि कोणीतरी लोखंडी पहारेचा फोटो टाकला.

हे वाचताना वृषालीला आधी काय वाटलं, ते सांगायलाच हवं. तिला बरं वाटलं. शंभर गटांत चेतनाला कोणी सुंदर म्हणत नव्हतं. ते बरं वाटणं तिनं चांगलं घोळवून घोळवून चाखलं, आणि मग पहार दिसली तेव्हा ती ताडकन उठून बसली.

रविवार उजाडला होता. आप्पा लहान मूर्तींचा ट्रक घेऊन पनवेलला गेलेले. तिनं चेतनाला लिहिलं, "आज येणारे लोक तुला मारायला येताहेत. पळ." लगेच उत्तर आलं, "हो ताई, सगळे आवर्जून येताहेत! तुम्हीही या ना, तुमच्याशिवाय मजा नाय."

तिनं फोन लावला. "चेतना, नीट ऐक. ती माणसं तुझे हात मोडणार आहेत. कारखान्याला कुलूप लाव आणि घरी जा."

क्षणभर काही ऐकू आलं नाही. मग चेतना म्हणाली, "खरंच हो ताई, हात दुखतात माझे. पण एवढी आखणी झाली की जाणार घरी."

"अगं मूर्खे, मारून टाकतील तुला!"

"तुमचा आशीर्वाद असला म्हणजे झालं," चेतना म्हणाली. तिचा आवाज दाटून आला होता. "मना वाटलेलं तुम्ही रागावल्यात."

वृषालीनं फोन ठेवला. तुरटी सुरू झाल्यावर लोकांनी धमकीला सल्ल्याचा वेष चढवला होता. "सांभाळून राहा, कोणीतरी हात तोडेल," असं. म्हणून तुरटीला शिकवलं गेलं होतं की भीती घालणारा सल्लाही गाळायचा. शिवाय हा फोन. या फोनमधून चेतनाकडे वर्षभर काय काय गेलं होतं ते तुरटी विसरलेली नव्हती. या फोनमधून चेतनाच्या भल्याचं काही निघेल यावर ती कशी विश्वास ठेवणार?

तिनं पोलीस ठाण्यात फोन केला. ऐकणाऱ्याला दुखावणारं त्यात काही नव्हतं, म्हणून बोलणं तसंच्या तसं पोचलं. तिथल्या माणसानं चेतनाला विचारून घेतलं आणि परत सांगितलं, "त्या म्हणतात, सगळे फार चांगलं बोलतात. धमकी नाही, तक्रार नाही. तुम्ही कोण त्यांच्या?" "कोणी का असेना, माणसं पाठवा," वृषाली म्हणाली. "बंदोबस्तातून कोणी मोकळं झालं की पाठवतो," तो म्हणाला.

तिनं स्कूटर काढली.

कारखाना रिकामा होता. आखणी म्हणून बायकांना जेवायला घरी पाठवलेलं. चहाचा थर्मास आणि रचून ठेवलेले कागदी पेले दाराशीच होते. चेतना परांचीवर होती. उजवा डोळा झालेला, डावा कोरा. आणि वृषालीचं पहिलं लक्ष गेलं ते त्या झालेल्या डोळ्याकडे. तो इतका सुरेख उतरला होता की त्या घाईतही तिच्या काळजात कळ उठली.

"खाली उतर. लोक येताहेत, तुझे हात मोडायला."

तोंडावर बोललेले शब्द तसेच्या तसे पोचले. चेतना दचकली. इतक्या दिवसांत तिच्याशी असं कोणी बोललं नव्हतं. मग तिच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी वेगळंच उमटलं.

"ताई," ती वरूनच म्हणाली, "डावा डोळा तुम्हाला काढायचाय ना? सरळ सांगा की. मी उतरते. घाबरवायचं कशाला?" तिनं फोन पुढे केला. "हे बघा. वाचा. एक तरी वाईट बोललाय का कोणी?"

"ते तुला दिसतंय ते. त्यांनी लिहिलेलं निराळं आहे."

"तुम्हाला काय माहीत?"

हा प्रश्न येणारच होता. घरापासून इथपर्यंत वृषालीनं त्याचं दुसरं काही उत्तर सापडतंय का ते शोधलं होतं. तिनं आपला फोन उघडला, "खरं बोलणारा"ची पाठवलेली सगळी वाक्यं लावली आणि हात उंच करून वर दिला.

चेतना वाचत गेली. नकटे. भांडी घास. देव झोपेतून उठल्यासारखा. एकेका वाक्याशी तिचं बोट थांबत होतं. ज्या ज्या वाक्यानं तिची आखणी सुधारली होती, ते ते आता तिच्यासमोर खऱ्या रूपात होतं. शेवटी फोटो आला. ती स्वतःची पाठ आणि स्वतःची टाच बघत राहिली.

"त्या शिव्यांखाली मी धन्यवाद लिहिलेलं," ती एवढंच म्हणाली.

ती उतरली. बाहेर, रस्त्याच्या बाजूनं गाड्या थांबल्याचे आवाज आले. वृषालीनं मागचं दार उघडलं. "बांधावरून जा. गावंडांच्या आळीत पोचेपर्यंत थांबू नको. माणसं पाठव." चेतनानं तिच्याकडे बघितलं नाही. फोन तिच्या हातात ठेवला आणि बांधावरून पळत सुटली.

आत आलेली माणसं साधीच होती. इस्त्रीचे शर्ट, कपाळाला गंध. देव आत आहेत म्हणून एकानं उंबऱ्याशी चपला काढल्या. पहार मात्र खरी होती. त्यांनी मोठ्या मूर्तीकडे पाहिलं, परांचीकडे पाहिलं, रंग लागलेला ब्रश पाहिला, आणि तिथे उभी असलेली एकटी बाई पाहिली. ज्या बाईच्या नावानं ते इतक्या लांबून आले होते, तिचं तोंड त्यांच्यापैकी कोणी कधीच बघितलं नव्हतं.

"चेतना गावंड कोण?" पुढच्यानं विचारलं.

ती मागच्या दारानं गेली, असं सांगता आलं असतं. इथे कोणी नाही, मी शेजारची, असंही सांगता आलं असतं. पण मग ते बांधावर धावले असते, आणि बांध मोकळा होता, लांबवर दिसणारा.

"मीच," वृषाली म्हणाली.

सगळ्यांच्या नजरा तिच्यावर आल्या. इतके लोक, इतक्या लांबून, त्या एका नावासाठी आलेले, आणि ते नाव आता तिचं होतं. त्या एवढ्याशा क्षणात, पहार उचलली जाण्याआधी, तिला सुख वाटलं. हे तिनं पुढे पोलिसांना सांगितलं नाही, नवऱ्याला सांगितलं नाही, कोणालाच सांगितलं नाही.

गावंड आळीतली माणसं धावत आली तोवर तिचा उजवा हात मनगटापासून दोन ठिकाणी मोडला होता. अलिबागच्या डॉक्टरांनी सळई घातली. चमचा धरता येईल म्हणाले, ब्रशाचं बघू म्हणाले. आप्पा येऊन डोळे पुसून गेले. मंडळाच्या मूर्तीचा डावा डोळा चेतनानंच दुसऱ्या दिवशी पूर्ण केला, आणि लोक म्हणाले की असे डोळे पुन्हा होणार नाहीत.

हात गळ्यात अडकवून वृषाली घरी आली त्या संध्याकाळी चेतनाचा फोन आला.

"ताई, बरं वाटतं का? तुमच्यामुळे वाचले मी. तुम्ही मला किती शिकवलंत. लवकर बऱ्या व्हा." आवाज चेतनाचाच होता, ढबही तिचीच. प्रत्येक वाक्याआधी मात्र किंचित थांबल्यासारखं होत होतं.

वृषालीनं श्वास रोखून ते ऐकलं. "चेतना," ती म्हणाली, "आत्ता तू खरं काय बोललीस?"

"हेच बोलले की ताई."

"तसं नको. घरी ये. माझ्यासमोर बसून बोल. काय वाटेल ते बोल."

पुन्हा तेवढंच थांबणं. "येते हं ताई. नक्की येते. तुमची फार आठवण येते."

वृषालीनं दार उघडं ठेवायला सुरुवात केली. स्कूटरचा आवाज आला की पदर सावरून बसायची. चेतना येऊन थोबाडीत मारील, तोंडावर थुंकेल, शिव्या घालील, या सगळ्याची तिनं मनाशी तयारी केली होती. ते सगळं तिला चालणार होतं. गणपती आले आणि गेले. दसरा झाला, दिवाळी झाली. चेतना आली नाही. फोन मात्र ती दर आठवड्याला करते, न चुकता, आणि फार गोड बोलते.